सिम्युलेटरचा चेकपॉइंट बरोबर परतला का? जेम५ मधील चाचणीची सविस्तर पद्धत

संगणक रचनेच्या सिम्युलेटरमध्ये सविस्तर प्रोसेसर मॉडेल वापरून संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करायची म्हटली, तर प्रत्यक्ष यंत्रावर काही सेकंदांत होणाऱ्या कामाला तासन्‌तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून सगळेजण एकदा साध्या, वेगवान मॉडेलवर बूट पूर्ण करतात, त्या क्षणाची अवस्था चेकपॉइंट म्हणून साठवतात आणि पुढचा प्रत्येक प्रयोग तिथूनच सुरू करतात. म्हणजे त्या प्रयोगांतून निघणारा प्रत्येक आकडा त्या एका साठवलेल्या अवस्थेवर उभा असतो. ती अवस्था परत घेताना एखादे रजिस्टर किंवा नियोजित इव्हेंट निसटला, तरी सिम्युलेशन बहुतेक वेळा बंद पडत नाही. ते शांतपणे पुढे चालू राहते आणि चुकीचे आकडे देते. त्यामुळे रिस्टोअर केल्यावर प्रोग्रॅम चालला, एवढ्याने चेकपॉइंट बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. न थांबता चाललेले सिम्युलेशन आणि मधूनच रिस्टोअर केलेले सिम्युलेशन पुढच्या एका ठरावीक क्षणी तंतोतंत एकाच अवस्थेला पोहोचले, तरच ते सिद्ध होते. ही पडताळणी टप्प्याटप्प्याने कशी करावी, ते या लेखात जेम५ या सिम्युलेटरच्या आधारे मांडले आहे. मिशिगन विद्यापीठातील एम५ आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स या दोन सिम्युलेटरांच्या एकत्रीकरणातून जेम५ तयार झाला आणि त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. फाइलींची नावे बदलली, तर हीच पद्धत इतर सिम्युलेटरांनाही लागू पडते.

चेकपॉइंटमध्ये काय असते

चाचणी करण्याआधी चेकपॉइंटचे फोल्डर एकदा उघडून नीट पाहावे. जेम५ प्रत्येक चेकपॉइंटसाठी एक फोल्डर करतो आणि नेहमीच्या स्क्रिप्टांमध्ये त्याच्या नावात त्या क्षणाचा टिक, म्हणजे सिम्युलेटरच्या घड्याळाचा आकडा, असतो. आत 'एम५.सीपीटी' नावाची साधी मजकूर फाइल असते. तिच्यात सिम्युलेटरमधील प्रत्येक घटकाचा, म्हणजे प्रत्येक सिम-ऑब्जेक्टचा, त्याच्या पूर्ण नावाने एक विभाग असतो आणि विभागाखाली नाव व किंमत अशा जोड्या असतात. प्रोसेसरची रजिस्टरे, प्रोग्रॅम काउंटर, उपकरणांची रजिस्टरे आणि इंटरप्टची स्थिती हे सारे इथे वाचता येते. 'ग्लोबल्स' या विभागात चालू टिक असतो. मुख्य स्मृतीतील मजकूर मात्र 'पीमेम' या शेवटाच्या वेगळ्या, जीझिपने आकुंचित केलेल्या फाइलीत ठेवला जातो. फुल-सिस्टिम, म्हणजे संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमसह, सिम्युलेशन असेल, तर डिस्क इमेजवर झालेले बदलही वेगळ्या फाइलीत साठवले जातात.

काय नसते, ते लक्षात ठेवणे याहून महत्त्वाचे आहे. जेम५ च्या दोन स्मृतिप्रणालींपैकी क्लासिक ही वापरली असेल, तर कॅशमधील, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान स्मृतीतील, मजकूर चेकपॉइंटमध्ये येत नाही. आकडेवारीचे काउंटरही येत नाहीत. पाइपलाइनमध्ये अर्धवट असलेल्या सूचना साठवण्याची सोयच नाही, म्हणून चेकपॉइंट घेण्यापूर्वी सिम्युलेटर आधी ड्रेन करतो. प्रत्येक घटकाला हातातले काम संपवायला सांगितले जाते, ज्याचे काम उरले आहे तो तसे कळवतो आणि सगळे घटक रिकामे होईपर्यंत सिम्युलेशन थोडे पुढे चालवले जाते. नंतर कॅशमधील बदललेल्या ओळी मुख्य स्मृतीत उतरवल्या जातात आणि शेवटी प्रत्येक घटकाचे, अवस्था लिहून काढणारे 'सिरियलाइझ' हे फंक्शन बोलावले जाते. रिस्टोअर करताना घटकाची नेहमीची आरंभीची मांडणी टाळून त्याऐवजी 'अनसिरियलाइझ' चालते.

या क्रमातून चाचणीसाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. चेकपॉइंट घेणे ही निव्वळ निरीक्षणाची क्रिया नाही. ड्रेनमुळे मूळ सिम्युलेशनच्या वेळापत्रकात किंचित फरक पडतो, म्हणून ज्या धावेत एकही चेकपॉइंट घेतलेला नाही तिच्याशी रिस्टोअर केलेल्या धावेची तुलना करणे चूक आहे. तुलनेसाठीची मूळ धाव त्याच त्या क्षणी चेकपॉइंट घेत गेलेलीच असायला हवी.

पहिला टप्पा: पुनरावृत्ती तपासणे

रिस्टोअरचे नावही न काढता, तीच आज्ञा दोनदा चालवावी आणि दोन्ही वेळच्या चेकपॉइंटांची तुलना करावी. त्या दोन धावाच एकमेकींशी जुळत नसतील, तर पुढची कोणतीही चाचणी काही सांगणार नाही. न जुळण्याची कारणे ठरलेली असतात. यजमान यंत्राचे, म्हणजे ज्यावर सिम्युलेटर चालतो त्या संगणकाचे, घड्याळ सिम्युलेशनच्या आत वाचले जात असेल, यादृच्छिक संख्यांचे बीज निश्चित केलेले नसेल, टर्मिनलवरून कोणी काही टंकत असेल, किंवा केव्हीएम ही लिनक्समधील व्हर्च्युअलायझेशनची सोय वापरून यजमान प्रोसेसरवरच सूचना चालवल्या जात असतील, तर दोन धावा सारख्या येणार नाहीत. केव्हीएम बूट लवकर उरकण्यासाठी उत्तम आहे, पण तंतोतंत तुलनेच्या चाचणीतून त्याला वगळावे.

सुरुवातीसाठी अगदी साधी मांडणी निवडावी: अ‍ॅटॉमिक प्रोसेसर मॉडेल (स्मृतीचा प्रत्येक व्यवहार तत्काळ पूर्ण झाला असे धरणारे), एक कोअर, कॅश नाही आणि छोटा प्रोग्रॅम. या मांडणीत कोणत्याही फरकाला सबब उरत नाही, आणि नेमके तेच आपल्याला हवे आहे.

तुलना करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. 'एम५.सीपीटी' फाइलीच्या आरंभी दोन हॅश चिन्हांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्यात चेकपॉइंट घेतल्याची तारीख व वेळ असते. ती दर वेळी बदलणारच, म्हणून फाइली ताडणाऱ्या 'डिफ' आज्ञेला अशा ओळी वगळायला सांगावे. दुसरे म्हणजे स्मृतीच्या फाइली आकुंचित स्वरूपात न ताडता उलगडून बाइटशः ताडाव्यात. आकुंचनाच्या लायब्ररीची आवृत्ती वेगळी असेल, तर आतला मजकूर तोच असूनही आकुंचित फाइली वेगळ्या दिसू शकतात.

दुसरा टप्पा: न चालवता परत साठवणे

चेकपॉइंट रिस्टोअर करावा, शून्य टिक चालवावा आणि लगेच दुसऱ्या फोल्डरात नवा चेकपॉइंट घ्यावा. दोन्ही फोल्डर सारखे यायला हवेत. ही चाचणी काही क्षणांत होते आणि लिहिले पण वाचले नाही, या जातीच्या चुका ती तत्काळ दाखवते. एखाद्याने 'सिरियलाइझ'मध्ये चल जोडला आणि 'अनसिरियलाइझ'मध्ये जोडायचा विसरला, तर परत साठवलेल्या फाइलीत त्याची किंमत आरंभीची, बहुधा शून्य, दिसेल. मात्र जो चल मुळात लिहिलाच नाही, त्याबद्दल ही चाचणी अवाक्षर काढू शकत नाही. त्यासाठी पुढचा टप्पा लागतो.

तिसरा टप्पा: एका चेकपॉइंटपासून पुढच्यापर्यंत

जेम५ च्या 'युटिल' फोल्डरात 'चेकपॉइंट-टेस्टर' ही पायथन स्क्रिप्ट आहे आणि तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिला आपण सिम्युलेटरची आज्ञा आणि टिकांमधील एक अंतर देतो. ती आधी पूर्ण धाव करून त्या अंतराने चेकपॉइंट घेत जाते. मग शेजारच्या प्रत्येक जोडीसाठी पहिला चेकपॉइंट रिस्टोअर करते, दुसऱ्याच्या टिकापर्यंत सिम्युलेशन चालवते, तिथे नवा चेकपॉइंट घेते आणि तो मूळ धावेतील दुसऱ्या चेकपॉइंटशी ताडून पाहते. फरक निघाला नाही, तर ती जोडी उत्तीर्ण. स्क्रिप्टचे स्वतःचे पर्याय आणि सिम्युलेटरची आज्ञा यांच्यामध्ये दोन संयोगचिन्हे द्यावी लागतात. ही स्क्रिप्ट चेकपॉइंटसंबंधीच्या जुन्या सामायिक पर्यायांवर अवलंबून आहे, म्हणून स्वतःची मांडणी-स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी हीच रीत आपल्या स्क्रिप्टमध्ये लिहून घ्यावी. ते काम फार मोठे नाही.

अंतर किती ठेवावे? जेम५ मध्ये नेहमीच्या मांडणीत एक टिक म्हणजे एक पिकोसेकंद. एक गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे एक चक्र १,००० टिकांचे होते. त्यामुळे ४,००,००० टिकांचे अंतर म्हणजे जेमतेम ४०० चक्रे, आणि एका छोट्या प्रोग्रॅमसाठी ते ठीक आहे. फुल-सिस्टिम बूटसाठी २ अब्ज टिक, म्हणजे २ मिलिसेकंद, असे अंतर घेतले, तरी चेकपॉइंटांची संख्या पुष्कळ होते आणि प्रत्येकासोबत स्मृतीची फाइल येत असल्याने डिस्क भराभर भरते. म्हणून बूटच्या चाचणीत स्मृती गरजेपुरतीच ठेवावी.

अंतर निवडण्याचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. हे एका उदाहरणाने दाखवतो, कारण चाचणी उत्तीर्ण होऊनही चूक कशी राहून जाते, ते इथे स्वच्छ दिसते.

समजा, आपण एक टायमर लिहिला आहे. तो दर ३,५०,००० टिकांनी वाजतो आणि वाजला की आपली मोजणी एकाने वाढवतो. मोजणी आपण साठवतो व वाचतो, पण पुढचा ठोका कोणत्या टिकाला आहे, ते साठवत नाही. रिस्टोअर झाल्यावर आपण पुढचा इव्हेंट 'चालू टिक अधिक ३,५०,०००' असा नव्याने लावतो. वरवर हे ठीक वाटते. आता चाचणीचे अंतर ४,००,००० ठेवले आहे असे धरा. मूळ धावेत टायमर ३,५०,००० आणि ७,००,००० टिकांना वाजतो, म्हणून ४,००,००० च्या चेकपॉइंटमध्ये मोजणी १ आणि ८,००,००० च्या चेकपॉइंटमध्ये २ असते. ४,००,००० पासून रिस्टोअर केलेल्या धावेत टायमर ७,००,००० ऐवजी ७,५०,००० ला वाजतो, तरीही ८,००,००० ला मोजणी २ च भरते. फरक शून्य! पुढच्या जोडीतही तेच: मूळ ठोका १०,५०,००० चा, चुकीचा ११,५०,००० चा, आणि १२,००,००० ला दोन्हीकडे मोजणी ३. अशा कित्येक जोड्या ओळीने उत्तीर्ण होतात.

आता अंतर २,००,००० करा. २,००,००० पासून रिस्टोअर केलेला टायमर ५,५०,००० ला वाजेल, तर मूळ धावेतला ३,५०,००० ला वाजलेला आहे. ४,००,००० च्या चेकपॉइंटमध्ये एकीकडे मोजणी १ आणि दुसरीकडे ०. पहिल्याच जोडीत चूक पकडली गेली.

यातून दोन नियम निघतात. चाचणीचे किमान एक अंतर आपल्या घटकातील सर्वांत लहान आवर्ती इव्हेंटाच्या कालावधीहून कमी असावे, आणि एकाच अंतरावर न थांबता एकमेकांच्या पटीत नसलेली दोन-तीन अंतरे वापरावीत. त्याहून मूळ उपाय म्हणजे प्रत्येक प्रलंबित इव्हेंटाचा टिक चेकपॉइंटमध्ये लिहिणे आणि रिस्टोअर करताना नेमक्या त्याच टिकाला तो पुन्हा लावणे. असे केले की अवस्था फाइलीत दिसू लागते आणि तुलनेला हाती काही लागते. जी अवस्था लिहिलेलीच नाही, ती तुलनेला केवळ तिच्या परिणामांतून दिसते, तेही ते परिणाम वेळेत उमटले तर.

फरक निघाला, तर तो कसा वाचावा

सर्वप्रथम कोणत्या विभागात फरक आहे ते पाहावे, कारण एका टायमरचा चुकलेला ठोका थोड्याच वेळात प्रोसेसरची रजिस्टरे, स्मृती आणि अर्धी फाइल वेगळी करून टाकतो. शेकडो ओळींचा फरक पाहून गडबडून जाण्याऐवजी अंतर निम्मे-निम्मे करत जावे आणि फरक केवळ एका-दोन ओळींचा उरेपर्यंत थांबू नये. त्या उरलेल्या ओळी बहुतेक वेळा थेट दोषी घटकाकडे बोट दाखवतात.

काही फरकांचा चेहरा ओळखीचा असतो. दर धावेला बदलणारी मोठी, पत्त्यासारखी दिसणारी संख्या म्हणजे कोणीतरी यजमान स्मृतीतील पॉइंटर जसाच्या तसा लिहून ठेवला आहे, आणि ही गंभीर चूक आहे, कारण रिस्टोअरनंतर तो पत्ता निरर्थक असतो. तीच मूल्ये पण वेगळ्या क्रमाने आली असतील, तर हॅश तक्त्यातील नोंदी जशा सापडल्या तशा क्रमाने लिहिल्या गेल्या आहेत. अवस्था बरोबर असते, तरी लिहिण्याआधी क्रम लावून घ्यावा, नाहीतर खरा फरक या खोट्या फरकांच्या गर्दीत हरवतो. कधी दिसणारी, कधी न दिसणारी विचित्र किंमत असेल, तर चल आरंभी शून्य न केल्याचा संशय घ्यावा आणि व्हॅलग्रिंडसारख्या, स्मृतीच्या वापरातील चुका शोधणाऱ्या साधनाने तपासावे. सिस्टिम-कॉल पातळीवरच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय फक्त प्रोग्रॅम चालवणाऱ्या, सिम्युलेशनमध्ये फाइलीतील स्थानाचा फरक दिसला, तर प्रोग्रॅमचे आउटपुट आणि सिम्युलेटरचे स्वतःचे संदेश एकाच ठिकाणी जात आहेत का, ते पाहावे. प्रोग्रॅमचे आउटपुट स्वतंत्र फाइलीत वळवले की हा फरक जातो.

एवढ्यानेही कारण सापडले नाही, तर सूचनांचा ट्रेस, म्हणजे चाललेल्या प्रत्येक सूचनेची नोंद, काढावा. दोन्ही धावांत 'एक्झेक' हा डीबग-फ्लॅग चेकपॉइंटच्या टिकापासून सुरू करावा आणि दोन्ही ट्रेस ओळीने ताडावेत. जेम५ मध्ये यासाठी 'ट्रेसडिफ' ही स्क्रिप्टही आहे. पहिली वेगळी ओळ महत्त्वाची. तिथे एकाच पत्त्यावरून वाचलेली किंमत वेगळी असेल, तर स्मृतीचा किंवा उपकरणाचा दोष आहे. सूचनाच वेगळी असेल, तर बहुधा इंटरप्ट लवकर किंवा उशिरा आला आहे. सूचना तीच आणि केवळ टिक वेगळा असेल, तर प्रश्न वेळेचा आहे, आणि तो दोष आहे की अपेक्षित फरक, हे पुढील भागावरून ठरते.

कॅश आली की निकष बदलतो

मूळ धावेत चेकपॉइंट घेताना बदललेल्या ओळी स्मृतीत उतरवल्या जातात, पण त्या ओळी कॅशमध्येच राहतात. रिस्टोअर केलेल्या धावेत क्लासिक कॅश पूर्ण रिकामी असते. एकीकडे तापलेली कॅश आणि दुसरीकडे थंड कॅश असताना वेळ जुळणे अशक्य आहे, म्हणून इथे बाइटशः तुलनेचा आग्रह धरू नये. प्रोग्रॅम पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधणाऱ्या शाखा-अंदाजकाबाबतही हीच काळजी घ्यावी.

पण निकष सैल करणे म्हणजे निकष सोडून देणे नव्हे. घड्याळातील वेळ पाहणारा किंवा अनेक धागे वापरणारा नसेल, असा एकच प्रोग्रॅम सिस्टिम-कॉल पातळीवर घ्यावा. त्याचे अंतिम आउटपुट, चेकपॉइंटनंतर पूर्ण झालेल्या सूचनांची संख्या आणि निकाल साठवलेल्या स्मृतीतील मजकूर, या तिन्ही गोष्टी कॅश असो वा नसो, सारख्याच यायला हव्यात. त्यांत फरक पडला, तर थंड कॅशचे कारण पुढे करता येत नाही. फुल-सिस्टिममध्ये मात्र टायमरचे इंटरप्ट वेगळ्या जागी पडत असल्याने सूचनांची संख्याही हलते, म्हणून तिथे प्रोग्रॅमच्या आउटपुटावर विसंबावे लागते.

बदललेला मजकूर कॅशमध्ये राहूनच गेला, तर क्लासिक प्रणाली चेकपॉइंट घेताना तसा इशारा देते आणि असा चेकपॉइंट रिस्टोअर करायला गेल्यास सिम्युलेशन थांबवते. चाचणीच्या स्क्रिप्टने हा इशारा शोधून तिथेच अपयश नोंदवावे. लांबलचक लॉगमध्ये तो सहज नजरेआड होतो. रूबी या दुसऱ्या स्मृतिप्रणालीची रीत निराळी आहे. ती कॅशमधील ओळींचा माग साठवते आणि रिस्टोअरच्या वेळी तो पुन्हा चालवून कॅश भरून घेते. त्यासाठी फ्लशची, म्हणजे कॅशमधील ओळी स्मृतीत उतरवण्याची, सोय असलेला कॅश-प्रोटोकॉल लागतो, आणि मोएसी-हॅमर हा त्यासाठी दीर्घकाळ वापरला गेलेला प्रोटोकॉल आहे.

मोजमापासाठी रिस्टोअर करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. रिस्टोअरनंतर थोडा काळ सिम्युलेशन चालवून कॅश तापू द्यावी, मग आकडेवारी शून्य करावी आणि तिथून मोजावे. हा तापण्याचा काळ किती असावा, ते कॅशच्या आकारावर आणि प्रोग्रॅमवर अवलंबून असते. तो दुप्पट करून निकाल हलतो का ते पाहणे, हा त्यावरचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

चेकपॉइंटच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टी

डिस्क इमेजवरचे फक्त बदल साठवले जातात, मूळ इमेज साठवली जात नाही. चेकपॉइंट घेतल्यानंतर कोणी ती इमेज उघडून तिच्यात नवा प्रोग्रॅम टाकला, तर सिम्युलेशनच्या आत चालणाऱ्या पाहुण्या लिनक्सच्या स्मृतीतील फाइल-प्रणालीची माहिती आणि डिस्कवरची वस्तुस्थिती यांत विसंगती येते आणि त्यातून अनाकलनीय त्रुटी उद्भवतात. म्हणून चेकपॉइंटसोबत इमेज व कर्नल यांचे चेकसम लिहून ठेवावेत आणि रिस्टोअर करण्यापूर्वी ते पडताळावेत. रिस्टोअरनंतर नवा प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर बूट संपताच चेकपॉइंट घेऊन, परतल्यावर यजमानाकडून स्क्रिप्ट वाचून घेण्याची जेम५ मधील प्रचलित युक्ती वापरावी.

सिस्टिम-कॉल पातळीवर उघड्या असलेल्या फाइली यजमान यंत्रावर असतात. काही आवृत्त्यांत फाइल-डिस्क्रिप्टर नीट परतत नाहीत, असा इशारा सिम्युलेटर स्वतःच छापतो. मोठी फाइल तुकड्यांनी वाचणारा प्रोग्रॅम घेऊन, वाचन अर्धवट असताना चेकपॉइंट घ्यावा आणि परतल्यावर वाचन योग्य जागेपासून पुढे जाते का, ते पाहावे.

कोअरची संख्या, स्मृतीचा आकार आणि उपकरणांची नावे रिस्टोअर करताना तीच ठेवावीत. नाव बदलले, तर विभाग सापडत नाही आणि अमुक विभागातील अमुक चल वाचता येत नाही, असे सांगून सिम्युलेटर थांबतो. हे थांबणे उपकारकच आहे. ते टाळण्यासाठी चल ऐच्छिक म्हणून वाचण्याचा मॅक्रो सरसकट वापरू नये, कारण मग किंमत न सापडल्याचे कोणालाच कळत नाही. सिम्युलेटरची आवृत्ती बदलल्यामुळे चल वाढले असतील, तर त्यासाठी 'सीपीटी-अपग्रेडर' ही स्क्रिप्ट आहे. ती फाइलीतील आवृत्तीच्या खुणा पाहून लागणारे बदल करते. तिच्यातून काढलेला चेकपॉइंट मात्र नवा समजून, दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा तपासावा. नव्या घटकात चल जोडणाऱ्याने त्याच बदलात अपग्रेडरचा नियमही लिहावा, आणि जुन्या आवृत्तीचा एक लहान चेकपॉइंट चाचणी-संचात कायम ठेवून प्रत्येक बदलानंतर तो रिस्टोअर करून पाहावा.